पहिली भेट भारी हॉटेलातच हवी, हा गैरसमज

डेटिंग ॲपवर ओळख झाली की पहिल्या भेटीला महागडं हॉटेल हवं, नाहीतर समोरच्यावर छाप पडत नाही, असं आपल्याकडे मित्रमंडळी वर्षानुवर्षं सांगत आलीत. हे खरं नाही. जेवण म्हटलं की दीड-दोन तास अडकून बसावं लागतं, बिल कोण देणार याचा ताण वेगळाच. सिनेमात तर बोलणंच होत नाही.

त्यापेक्षा संभाजीनगरात दिवसाउजेडी पाणचक्कीला भेटा. शेकडो वर्षं जुनी नहर, म्हणजे जमिनीखालचा कालवा, डोंगरातून पाणी आणते, ते उंचावरून हौदात पडतं. ते बघता बघता विषय आपोआप निघतात, गप्पा थांबल्या तरी अवघडल्यासारखं होत नाही. वर्दळ असते, म्हणून मुलींनाही सुरक्षित वाटतं. चहा घ्या, तासाभरात निघा. पटलं तर पुन्हा भेटता येतंच.

दुसरा गैरसमज पहिल्या मेसेजचा: त्यात शायरी हवीच. शायरी लागत नाही, आणि ‘हाय, जेवण झालं का?’ याला उत्तर तरी काय द्यायचं? तिच्या प्रोफाइलवर हुरड्याचा फोटो असेल तर विचारा, ‘हा हुरडा कुठल्या शेतातला? सोबत दही-चटणी की गूळ?’ ती म्हणाली, ‘मामाच्या, परभणीजवळ,’ तर लगेच स्वतःच्या गावाचं पुराण सुरू करू नका. मामाच्या शेताबद्दलच पुढचं विचारा. हार्वर्डच्या संशोधकांचा 2017 चा अभ्यास हेच सांगतो: उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडतात, आणि स्पीड डेटिंगमध्ये, म्हणजे काही मिनिटांत एकेकाला भेटण्याच्या कार्यक्रमात, अशांनाच दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले.