ऑप्शन की डीएफए? खेळाडू जातो ट्रिपल-एलाच, पण वाट वेगळी

मेजर लीग बेसबॉलच्या रोजच्या घडामोडींच्या यादीत दोन नोंदी हमखास गोंधळात पाडतात. एकीत लिहिलेलं असतं की अमुक पिचरला ट्रिपल-एला (मेजर लीगखालच्या मायनर लीगची सर्वांत वरची पायरी) 'ऑप्शन' केलं, दुसरीत तमुक बॅटरला 'डीएफए', म्हणजे 'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट' केलं. आठवड्याभराने दोघेही त्याच ट्रिपल-ए संघात खेळताना दिसू शकतात. म्हणून दोन्हींना सरसकट 'डच्चू' म्हणण्याची सवय लागते. ती चुकीची आहे.

आधी दोन आकडे. प्रत्यक्ष सामन्यासाठी उपलब्ध असतात ते 26 खेळाडू (सप्टेंबरात 28). त्यांच्यासह क्लबने राखून ठेवलेली मोठी यादी 40 जणांची. ही 40ची यादी म्हणजे ऑफिसातलं मस्टर. ऑप्शनवर गेलेल्याचं नाव मस्टरवर कायम, फक्त काम दुसऱ्या शाखेत. डीएफएमध्ये नावावर त्याच दिवशी काट बसते.

ऑप्शनचा हिशेब वर्षांत होतो, फेऱ्यांत नाही. 40मध्ये आलेल्या खेळाडूला साधारणपणे तीन ऑप्शन-वर्षं मिळतात. एका मोसमात तो ऑप्शनवर एकूण 20 किंवा जास्त दिवस खाली राहिला की एक वर्ष खर्ची पडतं, मग तो एकदा गेलेला असो वा चारदा. 20च्या आत परतला तर वर्ष वाचतं आणि ते दिवस मेजर लीगच्या सेवेत धरले जातात. 2022पासून एका मोसमात पाचच वेळा पाठवता येतं. खाली गेलेला बॅटर किमान 10 दिवस आणि पिचर 15 दिवस परत बोलावता येत नाही; वर कुणी जखमी होऊन यादीत जागा झाली तर मात्र सूट मिळते. थकलेल्या रिलीव्हरला (सामन्याच्या मध्येच येणाऱ्या बदली पिचरला) खाली धाडून ताजा हात आणण्याचा खेळ रोज का चालत नाही, ते या 15 दिवसांवरून कळतं.

आणि ऑप्शन ट्रिपल-एलाच करावं लागतं असंही नाही. पिचर रॉय हॅलडेचं उदाहरण बघा. 2000मध्ये टोरोंटोकडून त्याचा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी; जितकी कमी तितकी चांगली) 10.64 होता. 2001च्या मोसमाआधी क्लबने त्याला थेट बऱ्याच खालच्या पायरीवर, सिंगल-एच्या डनीडनला धाडलं. तिथून पुढे मेल क्वीन या कोचने त्याची फेक मुळापासून बदलली. डोक्यावरून सरळ खाली येणारा हात तिरका, थ्री-क्वार्टर केला. त्यामुळे चेंडू एकाच रेषेत न येता वळायला लागले. डबल-ए, ट्रिपल-ए असा एकेक टप्पा चढत तो त्याच जुलैत वर आला आणि 2003मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. हे सगळं करायला क्लबला वेळ मिळाला, कारण तो खाली असताना दुसरा कुणी त्याला उचलू शकत नव्हता.

डीएफएमध्ये नेमकं हेच संरक्षण जातं. नाव 40मधून उतरल्यावर क्लबकडे सात दिवस असतात: ट्रेड करा, वेव्हरवर टाका किंवा मोकळं सोडा. वेव्हरवर इतर 29 क्लबांपैकी कुणीही दावा करू शकतो. एकाहून जास्त दावे आले तर कमी सामने जिंकलेल्या क्लबला प्राधान्य. दावा करणाऱ्याला त्याला स्वतःच्या 40मध्ये जागा द्यावी लागते. कुणीच हात वर केला नाही, तरच जुना क्लब त्याला 'आउटराइट' करून मायनर लीगमध्ये ठेवू शकतो. तिथेही अट आहे: खेळाडूची मेजर लीगमध्ये तीन वर्षं सेवा झाली असेल किंवा त्याला आधी एकदा आउटराइट केलेलं असेल, तर तो नकार देऊन फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा, होऊ शकतो.

पैशातही फरक पडतो. 2024मध्ये मेजर लीगचं किमान वेतन वर्षाला 7 लाख 40 हजार डॉलर होतं. 40च्या यादीत राहून मायनरमध्ये खेळणाऱ्याला पहिल्या करारात किमान 60,300, तर यादीबाहेरच्या ट्रिपल-ए खेळाडूला सुमारे 35,800.

आता तरुण प्रॉस्पेक्टच्या (होतकरू खेळाडूच्या) बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत ते पाहू. क्लबची खरी कसोटी इथेच लागते. वयाच्या 18व्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्याला पाच मोसमांत 40मध्ये घ्यावं लागतं (वय 19 किंवा पुढे असेल तर चार), नाहीतर डिसेंबरच्या रूल 5 ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब एक लाख डॉलरला त्याला उचलू शकतो. समजा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या 17 वर्षांच्या मुलाने जानेवारी 2021मध्ये सही केली. नोव्हेंबर 2025मध्ये त्याला 40मध्ये घेतलं. तेव्हा तो जेमतेम डबल-एच्या दारात असेल, पण घड्याळ सुरू झालं! 2026, 27 आणि 28 ही ऑप्शन-वर्षं शिकण्यातच गेली, की 2029च्या वसंतात तो 'आउट ऑफ ऑप्शन्स'. मग तो 26मध्ये बसतो किंवा त्याला डीएफए करावं लागतं, मधला मार्ग उरत नाही. पूर्ण मोसम (किमान 90 दिवस सक्रिय) पाचपेक्षा कमी भरले असतील तर चौथं ऑप्शन मिळतं. दुखापतींमुळे मोसम बुडालेल्यांना याचा फायदा होतो.

घाईने संरक्षण दिलं तर ऑप्शन वाया जातात, न द्यावं तर खेळाडू हातचा जातो. पिट्सबर्गने 2003मध्ये बॅटर होजे बाउटिस्टाला 40बाहेर ठेवलं. बाल्टिमोरने रूल 5मध्ये त्याला घेतलं. असा खेळाडू मोसमभर 26मध्ये (तेव्हा 25) ठेवावा लागतो, ऑप्शन करता येत नाही. 2004च्या एकाच मोसमात तो वेव्हर, खरेदी आणि ट्रेडमधून चार क्लब फिरून पिट्सबर्गलाच परतला. शिकण्याचं एक वर्ष बाकावर गेलं. टोरोंटोकडून 54 होमरन मारायला 2010 उजाडलं.

नोंद वाचताना क्रियापद पाहा. 'ऑप्शन्ड' असेल तर तो 40मध्येच आहे. 'आउटराइटेड' असेल तर वेव्हरमधून कुणी उचलला नाही, आता 40बाहेर. मार्चमध्ये दिसणारं 'रीअसाइन्ड' या दोन्हींत बसत नाही. तो मुळात 40मध्ये नव्हताच, सराव शिबिराला पाहुणा म्हणून आला होता. आणि 'रिहॅब असाइनमेंट' म्हणजे दुखापतीतून परतणाऱ्याचा सराव. त्याने ऑप्शनचं वर्ष खर्ची पडत नाही.