वाळूतले बारा दिवस : नाताळच्या सामूहिक व्यायामाविषयी सभासदांसाठी माहिती

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, सुरू झाला की आमच्याकडे विचारणा सुरू होते, "यंदा बारा दिवसांचा व्यायाम कधी?" नवीन सभासदांना हे काय प्रकरण आहे ते कळत नाही आणि जुन्यांना विचारावं तर ते समजावून सांगायच्या ऐवजी गाणंच म्हणायला लागतात. म्हणून हे पत्रक. घरात सगळ्यांना वाचायला द्या, कारण त्या सकाळी सगळं घरच यावं अशी आमची इच्छा असते.

नाताळनंतरच्या पहिल्या शनिवारी आपण वसईत भुईगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला लागून जमतो. तासभर खेळत खेळत व्यायाम, मग गोल बसून प्रार्थना आणि मग चहा. याचं वेगळं शुल्क नाही, महिन्याच्या शुल्कातच ते आलं. घरच्या माणसांना आणि शेजाऱ्यांनाही शुल्क नाही. रविवार आम्ही मुद्दाम टाळतो, रविवारची सकाळ मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची.

नाताळच्या आधी का नाही, असं बरेच जण विचारतात. आपला व्यायाम ज्या गाण्यावर बेतलाय ते "ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस" हे जुनं इंग्रजी गाणं 1780 मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. त्यातले बारा दिवस नाताळच्या आधीचे नव्हेत. ते 25 डिसेंबरला सुरू होतात, 5 जानेवारीला संपतात आणि 6 तारखेला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण येतो. बाजारातले तारे 26 तारखेला उतरतात, पण आपला सण तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. आधीच्या चार आठवड्यांत घरं रंगवायची असतात, येशूजन्माचा गोठा उभा करायचा असतो, कॅरलच्या तालमी असतात, त्यात आणखी एक धावपळ नको. मध्यरात्रीची मिस्सा झाली, पाहुणे येऊन गेले, नेवऱ्यांचे डबे अर्धे झाले, की अंग आणि मन दोन्ही मोकळं असतं. आणि हो, केक खाल्ला म्हणून शिक्षा भोगायला कुणी येऊ नका. सणाचं खाणं आनंदानं खावं. हा व्यायामही त्याच आनंदाचा भाग आहे.

खेळ कसा चालतो

गाण्यात दर दिवशी एक नवी भेट येते आणि आधीच्या सगळ्या भेटी उलट क्रमानं पुन्हा मोजल्या जातात. आपण भेटींच्या जागी व्यायामाचे प्रकार ठेवतो. पहिल्या फेरीत पहिला प्रकार एकदा. दुसऱ्या फेरीत दुसरा दोनदा, मग पहिला एकदा. तिसऱ्या फेरीत तिसरा तीनदा, दुसरा दोनदा, पहिला एकदा. असं करत बाराव्या फेरीपर्यंत. सगळ्याची बेरीज 364 होते, म्हणजे वर्षाच्या दिवसांपेक्षा फक्त एक कमी. त्या उरलेल्या एकाची उडी आपण शेवटी सगळे हात धरून मारतो, लहान मुलं त्याचीच वाट बघत असतात.

पहिला प्रकार तारा : हातपाय पसरून एक उंच उडी. दुसऱ्यात मरिया आणि योसेफ, म्हणून तो जोडीनं करायचा. समोरासमोर जोर मारायचा, वर आल्यावर एकमेकांच्या हातावर टाळी. तिसऱ्यात तीन राजे : उंटाच्या संथ चालीनं तीन लांब पावलं, गुडघा वाळूला टेकेपर्यंत, हातात भेटवस्तू धरून. ती भेटवस्तू काय, ते पुढे सांगतो. चौथा आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांचा : चार बैठका, दर बैठकीनंतर हात ज्योतीसारखे वर. गाण्यात पाचव्या दिवशी सोन्याच्या पाच अंगठ्या येतात आणि तिथे सूर लांबवायची रीत आहे. आपण तेव्हा प्लँक धरतो, म्हणजे कोपरं आणि चवड्यांवर अंग फळीसारखं सरळ, आणि मोठ्यानं पाच आकडे मोजतो. मोजणारा मुद्दाम सूर लांबवतो, पोटाला कळ लागते आणि सगळे हसतात. हसताना प्लँक टिकत नाही, हे माहीत असूनही दर वर्षी तेच होतं.

सहावा आणि सातवा प्रकार मात्र विचार करून हलके ठेवलेत. हिशेब मांडून पाहा : पहिला प्रकार बारा वेळा येतो पण एकेकदाच, बारावा एका फेरीत बारा पण एकदाच येतो, म्हणजे दोन्ही बाराच. सगळ्यात जास्त भरतात ते मधले, सहावा आणि सातवा, प्रत्येकी 42. म्हणून सहाव्याला नुसत्या टाचा उचलायच्या, गव्हाणीत डोकावून बघायला मुलं चवड्यांवर उभी राहतात ना, तसं. सातव्याला चर्चची घंटा : दोन्ही हात वर नेऊन दोर खाली ओढल्यासारखं करायचं. गेल्या वर्षी एका आजींना गुडघ्यांमुळे उभं राहता येत नव्हतं. त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्या 42 घंटा वाजवल्या आणि दर घंटेला "टण" म्हणत आमची मोजणी सांभाळली. तोपर्यंत आमची मोजणी तीनदा चुकली होती.

आठ ते दहा म्हणजे जागच्या जागी धावणं, बाजूला सरकणं, पाठीवर झोपून पाय उचलणं. ते तिथेच दाखवू. खरा जोर लागतो तो अकराव्याला. वाळूनं भरलेली पिशवी केळीच्या घडासारखी खांद्यावर घ्यायची आणि उतरवायची. वसईच्या वाडीत वाढलेल्यांना ही हालचाल शिकवावी लागत नाही. ते दोन फेऱ्यांत मिळून 22 वेळा होतं आणि तेवढं पुरे. बाराव्याला सगळे मिळून एक जाड दोर ओढतो, दुसऱ्या टोकाला वाळूनं भरलेला टायर. येशूचे शिष्य पेत्र आणि आंद्रेया मासेमारच होते, जाळं एकट्यानं ओढलं जात नाही हे त्यांना सांगावं लागलं नसेल.

आता भेटवस्तू. येताना प्रत्येकानं तांदूळ, डाळ किंवा साखरेचं एक किलोचं पाकीट आणायचं. वजन म्हणून आपण तेच वापरतो आणि शेवटी सगळी पाकिटं गोठ्यापुढे रचतो. ती त्याच दिवशी धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, गरजू घरांत जातात. पाकीट घट्ट बांधून त्यावर आणखी एक पिशवी चढवा, तांदळात वाळू गेली तर ते कुणाच्या ताटात वाढता येत नाहीत.

मागे वळायचं

आमचा एक नियम आहे आणि तो आम्ही मोडू देत नाही. ज्याची फेरी आधी संपेल त्यानं थांबून पाणी पीत बघत बसायचं नाही. मागे वळायचं, जो अजून करतोय त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि त्याच्यासोबत उरलेली मोजणी पुरी करायची. पहिल्या वर्षी हा नियम नव्हता. तरणी मुलं पंधरा मिनिटं आधी मोकळी झाली आणि दोघी मावशी वाळूत एकट्या दहावी फेरी करत राहिल्या. त्यांनी तक्रार केली नाही, पण पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. ते आम्हाला फार लागलं. आता शेवटची फेरी सगळ्यांची एकाच वेळी संपते.

व्यायाम आणि प्रार्थना एकत्र कशाला, असंही काही जण विचारतात. ही काही आमची नवी कल्पना नाही. 1891 च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत, पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला. हिवाळ्यात मुलांना खेळायला काहीतरी हवं होतं. अलीकडे, 1 जानेवारी 2011 रोजी अमेरिकेतल्याच शार्लट शहरात एफ-थ्री ही चळवळ सुरू झाली : पुरुषांचे गट, उघड्यावर, कुठल्याही हवेत, फुकट व्यायाम करतात आणि शेवटी गोल करून उभे राहतात. तो शेवटचा गोल आम्ही त्यांच्याकडून घेतला, पण आपल्याकडे त्यात बायका, मुलं, आजी-आजोबा सगळे असतात.

गोलात शुभवर्तमानातला एक छोटा उतारा वाचला जातो आणि दोन मिनिटं शांतता असते. मग ज्याला वाटेल तो वर्षातली एक गोष्ट सांगतो : कुणाचं आजारपण, कुणाची गेलेली नोकरी, कुणाला झालेलं बाळ. सांगायलाच हवं असं नाही. तिथलं बोलणं तिथेच राहतं. ख्रिस्ती नसलेले सभासदही गोलात बसतात आणि आम्हाला त्यांचं बसणं फार मोलाचं वाटतं. कुणाला नको असेल तर चहाची किटली सांभाळायला हात हवेच असतात.

येण्याआधी

वेळ दर वर्षी बदलते, कारण ती ओहोटीवर ठरते. आपल्या किनाऱ्यावर अष्टमीच्या सुमारास भरती सकाळीच येते, अमावास्या-पौर्णिमेला सकाळी पाणी मागे असतं. पहिल्या वर्षी नेमकी अष्टमी होती आणि आम्ही भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला नव्हता. सहाव्या फेरीला पाणी चटयांखाली आलं, घट्ट ओली वाळू गेली आणि सगळे वरच्या भुसभुशीत वाळूत. तिथे धावायला पक्क्या जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते, पोटऱ्या चार दिवस बोलत होत्या. आता तक्ता बघूनच वेळ ठरवतो. सूर्य सातनंतर उगवतो, तोवर गारवा असतो, अंगावर एक पातळ स्वेटर ठेवा.

पायांत जुने बूट घाला. अनवाणी आवडत असेल तरी काचा आणि शिंपले असतात. सुरुवातीची पाच मिनिटं आपण सगळे मिळून आपला पट्टा साफ करतो, मुलांसाठी त्यातही शर्यत असते. अर्ध्या तासापूर्वी एखादं केळं खाऊन या. पाण्याची बाटली आणि टॉवेल आणा.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, हल्लीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. प्रत्येक प्रकाराचं खुर्चीत बसून करायचं रूप आमच्याकडे तयार आहे. छातीत दडपण, चक्कर किंवा धाप वाटली तर मोजणी अर्धवट सोडून लगेच बसा आणि शेजारच्याला सांगा.

चहासोबत सुकेळी असते. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती गोड, चिवट फोड व्यायामानंतर जितकी चांगली लागते तितकी एरवी लागत नाही. तुमच्या घरची असेल तर डबा आणा.

किती जण येणार ते नाताळच्या आधीच्या बुधवारपर्यंत सकाळच्या बॅचला येऊन सांगा. ओहोटीची वेळ आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू.