विवाहाविना सहजीवन आणि मुखत्यारपत्र

आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्या व्यक्तीस देणाऱ्या लेखास मुखत्यारपत्र म्हणतात. अधिकार सर्वसाधारण असेल तर ते कुलमुखत्यारपत्र आणि ठरावीक कामापुरता असेल तर विशेष मुखत्यारपत्र होय. बोलण्यात दोन्हींना ‘पॉवर’च म्हटले जाते. भारतात या लेखास मुखत्यारपत्र अधिनियम, 1882 आणि भारतीय करार अधिनियम, 1872 मधील अभिकरणाच्या (म्हणजे एकाने दुसऱ्याच्या वतीने काम करण्याच्या) तरतुदी लागू होतात.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना या लेखाची गरज अधिक भासते. वास्तविक पती-पत्नीलाही एकमेकांच्या बँक खात्यावर आपोआप सही करता येत नाही; मात्र अडचणीच्या वेळी त्यांचे नाते कोणी विचारत बसत नाही. इस्पितळाच्या अर्जावरील ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यापाशी विवाहाविना जोडीदार अडतो, मग सहवास वीस वर्षांचा का असेना.

लेखात ‘लिहून देणार’ (अधिकार देणारा) आणि ‘लिहून घेणार’ (अधिकार मिळणारा, म्हणजे मुखत्यार) यांची नावे, वये व पत्ते येतात आणि त्यापुढे अधिकारांची कलमे येतात. दोघांचे नाते लेखात लिहिण्याची कायद्याला गरज नसते. तरी महाराष्ट्रात नात्याचा प्रश्न मुद्रांक शुल्काच्या वेळी उभा राहतोच. स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार मोबदल्याविना आईवडील, भावंडे, पती-पत्नी अशा जवळच्या नातलगास दिल्यास महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 48 नुसार 500 रुपये शुल्क पडते, तर इतर कोणास दिल्यास बाजारमूल्यावर खरेदीखताइतके. सहजीवनातील जोडीदाराचे नाव या यादीत नाही. म्हणून बँक, भाडेकरार, वीजजोडणी, कर अशा दैनंदिन कामांचे अधिकार नेमके लिहून विक्रीचा अधिकार वगळणे हेच बहुतेकांच्या सोयीचे ठरते. राहते घर मुखत्यारपत्राने जोडीदाराच्या मालकीचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात (2011) स्पष्ट केले आहे.

या लेखाची सर्वांत मोठी उणीव करार अधिनियमाच्या कलम 201 मध्ये आहे. लिहून देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत मुखत्यारपत्र अशा अवस्थेतही चालू ठेवता येते. भारतात तशी सर्वसाधारण सोय नाही. पक्षाघातानंतर जोडीदार भान हरपून अतिदक्षता विभागात असतो, औषधांसाठी त्याच्या खात्यातून पैसे काढायचे असतात आणि नेमका तेव्हाच हातातला कागद निरुपयोगी होतो. केवळ ‘पॉवर’वर विसंबणाऱ्यांना हे आधी सांगितलेच पाहिजे.

ही पोकळी काही अंशी इतर कागदांनी भरता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 14 नुसार कोणाही सज्ञान व्यक्तीस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. हा प्रतिनिधी नातलगच असावा, अशी अट त्यात नाही. या जोडप्यांना एवढा मोकळा दरवाजा दुसऱ्या फारशा कायद्यांनी ठेवलेला नाही. मात्र त्याची व्याप्ती मानसिक आजारावरील उपचारांपुरतीच आहे. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांबाबत आगाऊ वैद्यकीय निर्देश लिहिण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरील साक्षांकन पुरते.

मृत्यूनंतरच्या मालमत्तेसाठी मृत्युपत्रच लागते, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील वारसांत असा जोडीदार येत नाही. बँकेतील नामनिर्देशनाने पैसे हाती येतात, मालकी येत नाही.

जोडपे वेगळे झाले तरी मुखत्यारपत्र आपोआप रद्द होत नाही. लिहून देणाऱ्याने ते लेखी रद्द करून मुखत्यारास, तसेच बँक, घरमालक आणि जिथे जिथे प्रत दिली असेल त्या प्रत्येकास कळवावे लागते. करार अधिनियमाच्या कलम 208 नुसार तिऱ्हाइतास रद्द झाल्याचे कळेपर्यंत त्याच्याशी झालेले व्यवहार लिहून देणाऱ्यावर बंधनकारक राहतात.