ट्रिगर जड आहे की लांब?

"सर, ट्रिगर लई जड लागायलाय." परभणीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या दहा मीटर पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर आठवड्यातून दोनदा तरी हे वाक्य कानावर येतं. लेकरू खोटं बोलत नाही, त्याच्या बोटाला त्रास होतोच आहे. पण जड आणि लांब हे ट्रिगरचे दोन वेगळे दोष आहेत आणि बोटाला दोन्ही सारखेच जाणवतात. ओळखण्यात चूक झाली की हात भलत्याच स्क्रूवर जातो. मग चांगलं पिस्तूल बिघडायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

जड म्हणजे वजन. ट्रिगर सुटायला किती ग्रॅमचा दाब लागतो, एवढाच तो प्रश्न. दहा मीटर एअर पिस्तूलला हा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं त्या २५ मीटर पिस्तूलला १००० ग्रॅम. वजन येतं स्प्रिंगच्या ताणातून. आपले ट्रिगर बहुतेक दोन टप्प्यांचे असतात. पहिल्या टप्प्यात बोट मोकळं मागे सरकतं, मग एक 'भिंत' लागते आणि तिच्यावर थोडा जास्तीचा दाब पडला की शॉट सुटतो. दोन्ही टप्प्यांचं वजन मिळून ५०० च्या वर गेलं पाहिजे. पहिल्यात साधारण ३५० ते ४०० आणि उरलेलं दुसऱ्यात, ही वाटणी मला नवख्यांसाठी बरी वाटते. भिंतीपर्यंत बोट पोचलं तेव्हाच बरंचसं काम झालेलं असतं.

लांब म्हणजे अंतर. इथे ग्रॅमचा संबंध नाही. दाराची कडी आठवा. कडी कोयंड्यात नखभर अडकली असेल तर बोटाच्या धक्क्याने निघते. बोटभर आत गेली असेल तर ती कितीही सैल असू द्या, सरकवत सरकवत काढावी लागते. ट्रिगरच्या आत सिअर नावाचा भाग असाच एका कडेला अडकलेला असतो. ही पकड जास्त खोल असली की भिंत लागल्यावरही ट्रिगर रांगत राहतो. नेमबाज वाट पाहतो, आता सुटेल, आता सुटेल. तेवढ्यात माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, डोलायला लागते आणि शेवटी तो झटका मारून मोकळा होतो. बोटाला झालेला हा सगळा खोळंबा तो 'जड' या एकाच शब्दात सांगतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझा ट्रिगर रांगत होता आणि मी वजनाचा स्क्रू सैल करत गेलो. रांगणं तसंच राहिलं. एका स्पर्धेच्या तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवलं, पिस्तूल वर उचललं, तर वजन टेबलावरच राहिलं आणि ट्रिगर सुटला. तीन संधी मिळतात, तिन्ही गेल्या. ती तपासणी सामन्याआधीची होती म्हणून निभावलं. सामन्यानंतर सोडतीने होणाऱ्या तपासणीत असं झालं तर नेमबाज थेट अपात्र ठरतो.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी मोजा. छर्रा नाही याची दोनदा खात्री करा, नळी टार्गेटकडे ठेवा, पिस्तूल ड्राय फायरवर, म्हणजे छर्रा न उडवता नुसता ट्रिगर चालवायच्या सोयीवर घ्या. बाटलीत ओली वाळू भरून, वरच्या हुकासकट, किराणा दुकानातल्या काट्यावर बरोबर ५०० ग्रॅम करून आणा. ट्रिगरच्या मध्यावर अडकवून सावकाश उचला. बाटली उचलली गेली आणि ट्रिगर सुटला नाही, तर किमान वजन आहे. मग थोडी थोडी वाळू घालत किती ग्रॅमला सुटतो ते पाहा. माझ्या मते ५१० ते ५२० ठीक. लांबी मोजायला काटा लागत नाही. डोळे मिटून भिंतीपर्यंत जा, तिथे थांबा आणि दाब अगदी हळू वाढवा. सुटण्याआधी ट्रिगरचं पातं सरकलेलं जाणवलं तर दोष लांबीचा.

आता धूळ, आणि आपल्या मराठवाड्यात हा मुद्दा मोठा आहे. चैत्र-वैशाखात वावटळ उठली की काळ्या मातीची भुकटी पत्र्याच्या फटींतून आत येते आणि सिअरवर बसते. मग ट्रिगर खरखरतो, आणि ती खरखर लांबीसारखीच वाटते. धूळ चिकटते ती तेलामुळे. 'जरा तेल सोडा' हा सल्ला शिवणयंत्राला चालतो, इथे नाही. पिस्तुलाच्या पुस्तिकेत सांगितलंय तिथेच आणि तेवढंच वंगण द्या. आधी मऊ ब्रश आणि हवेचा फुगा वापरून साफ करा, पुन्हा तपासा, आणि मगच ॲलन की हातात घ्या. सिअरची कड कधीही घासू नका.

सिअरचा, म्हणजे पकडीचा स्क्रू फिरवायचा तो पाव फेऱ्याहून कमी. दिशा मॉडेलनुसार बदलते, म्हणून पुस्तिका उघडी ठेवा आणि आधीची जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. प्रत्येक बदलानंतर पिस्तूल रिकामं असताना कॉक करून, म्हणजे ट्रिगर सुटायच्या तयारीत आणून, मुठीवर तळहाताने थापटा. आपोआप सुटलं तर पकड फार कमी झाली आहे. ते पिस्तूल धोकादायक आहे, स्क्रू लगेच मागे घ्या. पकड कमी केली की वजनही थोडं उतरू शकतं, म्हणून शेवटी पुन्हा बाटली.

गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी हीच तक्रार घेऊन आली. तिचा ट्रिगर ५१० ला सुटत होता, म्हणजे जड अजिबात नव्हता. साफ केल्यावर खरखर गेली, पण रांगणं उरलं. पकड किंचित कमी केली, थापटून पाहिलं, टिकली. वजन मात्र ४९५ वर आलं होतं. दुसऱ्या टप्प्याची स्प्रिंग थोडी ताणून ते ५२० केलं, म्हणजे आधीपेक्षा दहा ग्रॅम जास्त. तिने पाच ड्राय शॉट मारले आणि पिस्तूल खाली ठेवलं.

"आता कसा हलका झाला, सर."