जोती: नावामागचा देव

साताऱ्याकडच्या जुन्या सातबाऱ्यावर ‘जोती’ असं नाव दिसलं, की आजच्या पोरांना ते बाईचं वाटतं. पण ते पणजोबाचं असतं. जोतिबा किंवा जोतिराम या नावाचं ते घरातलं, हाकेचं रूप.

हा जोतिबा देव वाडी रत्नागिरीचा, म्हणजे पन्हाळ्याजवळच्या डोंगरावरचा, तरी चैत्र यात्रेत मानाची पहिली सासनकाठी, म्हणजे देवाची उंच निशाणकाठी, सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची असते आणि दुसरी पाटण तालुक्यातल्या विह्याची. नवसानं झालेल्या किंवा यात्रेच्या दिवसांत जन्मलेल्या मुलाला देवाचंच नाव ठेवायची रीत या भागात मुरली, ती अशा नात्यातून. डोंगरावरचं आजचं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. ते मूळचे कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे, आणि त्यांच्या एका मुलाचं नावही जोतिबाच.

शब्द संस्कृत ‘ज्योति’वरून आला, अर्थ उजेड, तेज. पालीतही तो ‘जोति’ असाच आहे. म्हणजे ‘ज्य’चा ‘ज’ झाला तो कुणा अडाण्याच्या तोंडी नव्हे, फार जुन्या काळी. औताचं जोत मात्र निराळं. ते ‘योक्त्र’पासून आलं. पुढचा ‘बा’ विठोबा-खंडोबातला, मायेचा आणि मानाचा. तो गळला की जोती, लाडानं किंवा रागानं जोत्या, आणि चारचौघांत पुन्हा जोतीराव.

या नावाचा सर्वांत मोठा धनी खटाव तालुक्यातल्या कटगुणच्या घराण्यातला. महात्मा फुल्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, आणि ती चैत्र पौर्णिमा होती, जोतिबाच्या यात्रेचा मुख्य दिवस. नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

पुढे शाळेच्या दाखल्यांवर ‘शुद्ध’ करण्याच्या भरात कितीतरी जोतिरामांचे ज्योतीराम झाले. मला हे खटकतं. ‘जोती’त दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. मुलीचं ‘ज्योती’ संस्कृत वळणाचं, पणजोबाचं ‘जोती’ डोंगरावरच्या देवाचं. मूळ एक असलं तरी वाटा दोन आहेत. फुल्यांनी आपल्या अखंडांत, म्हणजे अभंगासारख्या कवनांत, नाममुद्रा घातली तीही हाकेतलीच: ‘जोती म्हणे’.