हाडातला दहावा कॅल्शियम

‘बोन चायनात हाड-बिड काही नसतं हो, रंग पांढराशुभ्र म्हणून तसं म्हणतात,’ असं क्रोकरीच्या दुकानात छातीठोकपणे सांगितलं जातं. गिऱ्हाईक शाकाहारी निघालं की जरा जास्तच ठासून. प्रत्यक्षात अस्सल इंग्लिश बोन चायनाच्या कच्च्या मालात वजनाने जवळजवळ निम्मी हाडांची राख असते. उरलेल्या निम्म्यात केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, आणि इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा फेल्डस्पारयुक्त दगड. फेल्डस्पार म्हणजे भट्टीत वितळून काच होणारं खनिज. हाडं गुरांची घेतात, कारण त्यांत लोह कमी. लोह वाढलं की पांढरेपणा गेलाच.

इंग्लंडात हाडाची राख मिसळून पाहणारा पहिला माणूस थॉमस फ्राय. पेशाने चित्रकार. लंडनच्या पूर्वेला बो इथल्या कारखान्यात १७४० च्या दशकात त्याने हे केलं. कॉर्नवॉलची माती वापरून पोर्सिलीन, म्हणजे चिनी मातीची पांढरी भांडी, करण्याचं पेटंट १७६८ साली विल्यम कुकवर्दीने घेतलं होतं. ते १७९६ पर्यंत इतरांच्या आड आलं. त्याच सुमारास स्टोक-ऑन-ट्रेंट या इंग्लिश गावच्या जोसाया स्पोड या कुंभाराने राख, माती आणि दगड यांचं प्रमाण बसवलं. तो १७९७ साली वारला आणि माल बाजारात गाजवला तो त्याच नावाच्या मुलाने. आपल्याकडे ज्याचं नाव जास्त ठाऊक, त्या जोसाया वेजवुडने हयातीत बोन चायना केलंच नाही. त्याच्या कंपनीने ते १८१२ साली सुरू केलं.

पण मला खरं वेड आहे ते भट्टीत काय घडतं त्याचं. हाडं आधी सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजतात. प्रथिनं, चरबी सगळं जळून जातं आणि उरतं हायड्रॉक्सीअपेटाइट, हाडाला कडकपणा देणारं खनिज. त्याच्या सूत्रात कॅल्शियमचे दहा अणू आणि फॉस्फेटचे सहा गट. ही राख माती-दगडात मिसळून १२०० अंशांच्या वर तापवली की पाणी निघून जातं आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होतं. त्यात दर दोन फॉस्फेटमागे तीन कॅल्शियम लागतात. सहा फॉस्फेटना नऊ पुरले. दहावा उरला! तो मातीतल्या ॲल्युमिना-सिलिकाला जाऊन भिडतो आणि ॲनॉर्थाइट नावाचं दुसरं स्फटिक बनतं. फेल्डस्पार वितळून त्यांच्या फटींत काच भरते. तयार कपात साधारण ७० टक्के स्फटिक, ३० टक्के काच. इतके स्फटिक असल्यामुळेच भांडं पातळ करूनही दणकट राहतं.

मग त्यातून उजेड कसा आरपार दिसतो? भज्यांचा कागद तेलाने अर्धपारदर्शक होतो, तसंच हे. कागदाचे तंतू आणि हवा यांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारे आकडे, फार वेगळे, म्हणून प्रकाश विखुरतो. हवेच्या जागी तेल आलं की फरक घटतो. कपात ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा अपवर्तनांक १.६२ च्या आसपास, ॲनॉर्थाइटचा १.५८ आणि काचेचा त्याहून थोडाच कमी. साध्या पोर्सिलीनमध्ये म्युलाइट नावाचं स्फटिक १.६४ आणि काच १.५ च्या जवळपास, म्हणून प्रकाश जास्त अडखळतो. स्पोडला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची विद्या १९१२ नंतरची.

हाडाचा कप तत्त्वासाठी नाकारणं मला पटतं. त्यातून ‘नकारात्मक ऊर्जा’ येते म्हणणाऱ्याला मात्र एकक विचारावं. तीच गत कपबश्यांवरच्या निळ्या विलो नक्षीची: निळा पूल, दोन पाखरं आणि ‘प्राचीन चिनी प्रेमकथा’. नक्षी इंग्लंडातली आणि कथाही तिथेच रचलेली.

चोरबाजारात जुना कप हाती आला तर उलटा करून पाहा. बुडाशी ‘इंग्लंड’ छापलेलं असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. जुन्या झिलईत शिसं असायचं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. तेव्हा असा कप कपाटात शोभेला ठेवा, लिंबाचं लोणचं त्यात नको.