शेअर कुणाचे, कर्ज कुणाचे? कंपनीची नोंदवही पाहण्यासाठी अर्ज कसा करावा

जमीन घेण्याआधी आपण सातबारा काढतो. कब्जेदाराचे नाव पाहतो, 'इतर हक्क' रकान्यात कुणाचा बोजा चढला आहे का तेही तपासतो. शेअर घेताना मात्र अनेकजण यातले काहीच न पाहता आयुष्यभराची बचत लावतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. बाजारात नोंदलेल्या कंपनीचाही सातबारा असतो. तो एका कागदावर नसतो, आणि त्यातला काही भाग अर्ज केल्याशिवाय हाती लागत नाही, एवढाच फरक.

अर्जाच्या आधी

निम्मे काम अर्जाविना होते. सेबीच्या नियमानुसार तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत कंपनीने भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराकडे द्यायचा असतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर 'शेअरहोल्डिंग पॅटर्न' म्हणून तो फुकट पाहता येतो. प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्यांची, नावे त्यात असतात. इतरांपैकी ज्यांच्याकडे 1 टक्का किंवा त्याहून जास्त शेअर आहेत, त्यांचीही नावे असतात. बाकीचे सगळे गटवारीत जातात.

या तक्त्यात गहाण शेअरचा रकाना जरूर पाहा. तिथली टक्केवारी एकूण शेअरची नसून त्या प्रवर्तकांकडच्या शेअरची असते. समजा, प्रवर्तकांकडे 60 टक्के शेअर आहेत आणि त्यातले 40 टक्के गहाण आहेत. म्हणजे कंपनीचे 24 टक्के शेअर सावकाराच्या ताब्यात जाऊ शकतात. हप्ते थकले आणि त्याने ते बाजारात विकले, तर मालकी आणि भाव दोन्ही एका झटक्यात हलतात.

नोंदवही कोण पाहू शकतो?

कुणीही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 88 नुसार कंपनीला सभासदांची (म्हणजे भागधारकांची) आणि डिबेंचरधारकांची (म्हणजे कर्जरोखे घेऊन कंपनीला पैसे देणाऱ्यांची) नोंदवही ठेवावीच लागते. डीमॅट शेअरच्या बाबतीत एनएसडीएल आणि सीडीएसएल या डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडची लाभधारकांची नोंद हीच कायद्याने नोंदवही मानली जाते. कलम 94 प्रमाणे भागधारक आणि डिबेंचरधारक ही नोंदवही शुल्काविना पाहू शकतात. ज्याच्याकडे एकही शेअर नाही तोही पाहू शकतो. त्याच्याकडून कंपनी दर वेळी जास्तीत जास्त 50 रुपये घेऊ शकते. कामकाजाच्या प्रत्येक दिवशी किमान दोन तास यासाठी ठेवणे बंधनकारक आहे. बसून हाताने टिपणे काढायला पैसे पडत नाहीत. प्रत हवी असेल तर पानाला कमाल 10 रुपये, आणि पैसे भरल्यापासून 7 दिवसांत ती मिळायला हवी.

नोंदवहीत सगळे काही मिळेल असे मात्र समजू नका. 2022 च्या दुरुस्तीनंतर सभासदांचा पत्ता, ईमेल, पॅन आणि ओळख क्रमांक दाखवले जात नाहीत.

अर्ज आणि कागदपत्रे

ठरावीक नमुना नाही, साधे पत्र पुरते. ते कंपनी सचिवाच्या नावे, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. कंपनीचे नाव, तिचा 21 अंकाक्षरी सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), कोणती नोंदवही हवी (सभासदांची की डिबेंचरधारकांची), कोणत्या तारखेची, नुसती पाहायची की प्रतही हवी, हे स्पष्ट लिहा. कलम 94 चा उल्लेख करायला विसरू नका. शुल्कमाफी हवी असेल तर डीमॅट खात्याचे ताजे होल्डिंग स्टेटमेंट जोडा. ओळखपत्राची प्रत आणि, दुसऱ्यासाठी अर्ज करत असाल तर, अधिकारपत्र सोबत असलेले बरे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

एका कंपनीने मला फोनवर सांगितले होते, 'ही माहिती गोपनीय असते.' कलम लिहून पत्र पाठवल्यावर पाहण्याची वेळ कळवणारे उत्तर आले. म्हणून तोंडी नकारावर कधीच थांबू नका. नकार दिल्यास दिवसाला 1,000 रुपये, कमाल 1 लाख रुपये दंडाची तरतूद आहे, आणि नोंदवही तात्काळ दाखवण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. तक्रार कंपनी निबंधकाकडे करा.

आणखी एक गोष्ट. नोंदवहीतले नाव खऱ्या मालकाचेच असेल असे नाही. मध्ये दुसऱ्या कंपन्यांची साखळी असू शकते. त्या साखळीतून 10 टक्के किंवा जास्त हिस्सा राखणाऱ्या व्यक्तींसाठी कलम 90 प्रमाणे वेगळी नोंदवही असते. ती पाहण्याचा हक्क मात्र फक्त सभासदांना आहे. एक शेअर घेऊन ठेवण्याचा हा प्रत्यक्ष फायदा.

कर्जाची बाजू

बोजाला इथे 'चार्ज' म्हणतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए संकेतस्थळावर कंपनीच्या चार्जची सूची पाहता येते. मूळ दस्तऐवज उघडायला 100 रुपये शुल्क आहे. प्रत्येक ओळीत चार्ज धारकाचे नाव, निर्मितीची तारीख आणि रक्कम असते. फेडल्याची तारीख रिकामी असेल तर बोजा अजून उभा आहे असे धरा. कर्ज फिटले तरी ते फिटल्याचा सीएचजी-4 हा अर्ज दाखल होईपर्यंत नोंद तशीच राहते, त्यामुळे शंका आली तर ताळेबंदाशी ताडून पाहा.

इथे एक चूक फार होते. चार्ज धारक म्हणून एखाद्या ट्रस्टी कंपनीचे नाव दिसते, आणि वाचणाऱ्याला वाटते की हिनेच शेकडो कोटी दिले. ती डिबेंचर ट्रस्टी असते. पैसे डिबेंचरधारकांचे, ट्रस्टी फक्त त्यांच्या वतीने तारण सांभाळते. मूळ धनको कोण हे कळायला डिबेंचरधारकांची नोंदवहीच मागावी लागते, वरच्याच पत्राने. डिबेंचरच्या प्रत्येक मालिकेचा आयएसआयएन (रोख्याचा ओळख क्रमांक) वेगळा असतो, तो पत्रात लिहा.

विनातारण कर्ज चार्जच्या सूचीत येतच नाही. त्यासाठी वार्षिक अहवालातल्या कर्जाच्या टिपा वाचा, आणि क्रिसिल, इक्रा, केअर यांपैकी ज्या संस्थेने पतमानांकन दिले असेल तिच्या टिपणाचे शेवटचे परिशिष्ट उघडा. कोणत्या बँकेची किती मर्यादा, हे अनेकदा तिथे बँकवार छापलेले असते.